रजईकाम, पाश्चात्त्य

वरचे कापड, खालचे अस्तर आणि त्या दोहोंमधील कापूस, लोकर वा कृत्रिम तंतूंचे भरण असे तीन थर आरपार टाक्यांनी एकमेकांस जखडून पांघरूण तयार करण्याची कला व तीवर आधारलेला व्यवसाय. यूरोप-अमेरिकेतील रजईचा वरचा थर पुष्कळदा कापडाचे लहान लहान तुकडे जोडून तयार करतात. या तुकडेजोडीची रंगसंगती व आकृतिबंध प्रथम नजरेत भरत असल्यामुळे रजईच्या इतिहासलेखनात तिलाच मोठे स्थान मिळत आले. तथापि वरचा थर जोडून झाला, की निम्मेच काम झालेले असते. त्याला भरण व अस्तर यांसह टाके घालणे आणि कडा बंद करणे ही पुढील कामे अधिक वेळ खाणारी, अधिक जागा अडविणारी व म्हणून अधिक खर्चाची असतात. जोडून झालेले, परंतु टाके न पडलेले थर वर्षानुवर्षे पेटीत राहिल्याची उदाहरणे त्यामुळेच विपुल आढळतात. हे काम थोडक्या खर्चात कसे पुरे करावे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे शोधण्यात आली, त्यांतून पाश्चात्त्य रजईकामातील मजुरीचे, सहकार्याचे व यंत्रांचे स्वरूप ठरत गेले.

खर्चाचे स्वरूप : रजईचा खर्च मुख्यतः टाक्यांच्या दाटीवर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, ६० इंच रुंद व ८० इंच लांब रजईवर एकेक इंच अंतराने उभ्या समांतर ओळी घातल्यास ओळींची एकूण लांबी सु. ४,८०० इंच, म्हणजे १३३ यार्डांहून अधिक भरते. सफाईदार हातकामात इंचास दहा टाके धरले, तर टाक्यांची संख्या ४८,००० होते. ओळी आडव्याही घातल्या, तर ती दुप्पट होते. उलट अंतर दोन इंचांचे केल्यास २४,००० वर येते. टाके न घालता चार चार इंचांवर दोऱ्याच्या गाठी मारल्या, तर सु. ३०० गाठींत तेच पांघरूण पुरे होते. स्वस्ताईच्या बहुतेक रीती या हिशेबातच सामावलेल्या आहेत. मात्र टाक्यांची दाटी केवळ शोभेसाठी नसते. पूर्वीचे पिंजलेल्या कापसाचे भरण धुतल्यावर सरकून त्याचे गोळे होत, म्हणून ओळी एक-दोन इंचांहून लांब ठेवता येत नसत. टाके विरळ केल्याने वाचलेली मजुरी रजईच्या आयुष्यातून वजा होई.

पूर्वपीठिका : ‘क्विल्ट’ हा शब्द भरलेली गादी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. यूरोपातील उपलब्ध प्राचीन नमुन्यांत सिसिली येथे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या, ट्रिस्टनच्या कथेतील प्रसंग दाखविणाऱ्या रजया प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात, तर दुसरी फ्लॉरेन्स येथील बार्जेल्लो संग्रहालयात आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी बंगालमधील सातगाव परिसरात तयार होणाऱ्या, पिवळसर रेशमाने भरतकाम केलेल्या रजया यूरोपात नेल्या. फ्रान्सच्या प्रॉव्हान्स प्रांतातील मार्से येथून हातटाक्यांच्या पांढऱ्या वस्त्रांची मोठी निर्यात होत असे. त्यांचा उठाव पाहून अठराव्या शतकात इंग्लंडमधील विणकरांनी तसाच उठावदार पोत मागावरच विणून काढण्यास आरंभ केला. सुईचे काम वगळून रजईचा आभास निर्माण करणारी ही स्वस्त नक्कल ‘मार्सेला’ या नावाने पुढे दीर्घकाळ खपत राहिली. टाक्यांची मजुरी वाचविण्याचा औद्योगिक प्रयत्न म्हणून तिचे महत्त्व आहे.

ब्रिटनमधील मजुरीचे काम : उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंबरलंड व डरॅम हे परगणे आणि वेल्स येथे रजईकाम हा गरिबांचा व्यवसाय म्हणून रुजला. हेक्सॅमजवळील वॉर्डन येथे राहणारा जोसेफ हेडली (‘जो द क्विल्टर’) हा शिंप्याचे काम शिकलेला कारागीर रजयांसाठी दूरवर ख्यातनाम होता. तथापि वार्धक्यात त्याला धर्मपरगण्याच्या मदतीवर गुजराण करावी लागली. जानेवारी १८२६ मध्ये त्याचा राहत्या झोपडीत खून झाला आणि तो कोणी केला, हे अखेरपर्यंत उघड झाले नाही. त्याच्या झोपडीची प्रतिकृती बीमिश येथील संग्रहालयात २०१८ मध्ये उभारण्यात आली. नाव झालेल्या कारागिराचीही ही अवस्था पाहता, ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत अशा स्त्रियांच्या मिळकतीची कल्पना येते.

याच भागात कामाची एक उपयुक्त विभागणी झाली. ॲलनहेड्सजवळील जॉर्ज गार्डिनर हा दुकानदार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतरांनी आणून दिलेल्या कापडावर निळ्या पेन्सिलीने आकृत्या आखून देत असे. त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन हिने हे काम पुढे चालविले व स्वतःही शिकाऊ मुली तयार केल्या. चांगली आकृती काढता न येणाऱ्या गृहिणीस आखणीपुरते पैसे मोजून टाके घरच्या घरी घालता येऊ लागले. सबंध काम बाहेर देण्याऐवजी त्यातील केवळ कौशल्याचा भाग विकत घेण्याची ही रीत होती. उत्तरेकडील पट्टेदार रजयाही काटकसरीच्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. दोन रंगांचे लांब पट्टे आलटून-पालटून जोडल्याने तुकडेजोडीचे कष्ट वाचत आणि पट्ट्याच्या लांबीत एकच नक्षी सलग चालवता आल्याने चौकटीवरील कामही भरभर उरके.

डरॅमच्या कोळसाखाणींच्या वस्त्यांत ‘रजई मंडळे’ चालत. ती चालविणारी स्त्री बहुधा खाणीतील अपघातात दगावलेल्या वा जायबंदी झालेल्या कामगाराची विधवा किंवा पत्नी असे. शेजारपाजारचे सभासद दर आठवड्यास ठराविक लहानसा हप्ता भरीत व पाळीपाळीने प्रत्येकास रजई मिळे. ग्राहकाला एकरकमी पैसे द्यावे लागत नसत आणि कारागीर स्त्रीला कापड-कापूस विकत घेण्यास भांडवल मिळे. आपल्याकडील भिशीची आठवण करून देणारी ही व्यवस्था शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर उभी होती. तथापि ठरलेल्या मुदतीत रजई पुरी करण्यासाठी त्या स्त्रीला दिवसाचे अनेक तास चौकटीवर वाकून बसावे लागे आणि तासांच्या मानाने पदरात पडणारी रक्कम फारच तुटपुंजी असे.

वेल्समध्ये फिरत्या रजईकार स्त्रिया शेतकऱ्यांच्या घरोघर जात. वर्षाच्या रजया पुऱ्या होईतो आठ-पंधरा दिवस त्या तेथेच मुक्काम करीत. कापड व भरणाची लोकर घरची असल्याने यजमानास केवळ मजुरी, जेवण व निवारा एवढाच खर्च येई. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘रूरल इंडस्ट्रीज ब्यूरो’ या ब्रिटिश संस्थेने १९२८ पासून वेल्स व डरॅम येथील स्त्रियांच्या रजया लंडनच्या बाजारात आणल्या. मेव्हिस फिट्झरँडॉल्फ यांनी या योजनेत मोठा वाटा उचलला. लंडनमधील क्लॅरिजेस या उंची हॉटेलनेही आपल्या नव्या दालनांसाठी अशा रजया मागविल्या. खाणपट्ट्यातील बेकारीच्या काळात हे उत्पन्न मोलाचे ठरले. परंतु दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई सुरू होताच योजना थांबली.

अमेरिकेतील सामुदायिक पद्धती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रजई पुरी करण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे शेजारणींचा ‘क्विल्टिंग बी’ हा मेळावा होय. वरचा थर प्रत्येक स्त्री आपल्या घरी सवडीने जोडी. मग ठरल्या दिवशी तो चार दांड्यांच्या चौकटीवर ताणला जाई आणि आठ-दहा जणी चारही बाजूंनी बसून टाके घालीत. जॉन लूइस क्रिमेल या चित्रकाराने १८१३ मध्ये अशा प्रसंगाचे चित्र रंगविले आहे. या मेळाव्यात पैशांची देवघेव होत नसली, तरी ते फुकटचे काम नव्हते. यजमानीण सर्वांच्या जेवणाची सोय करी आणि पुढे इतरांच्या चौकटींवर जाऊन तेवढेच श्रम परत करी. ग्रामीण महाराष्ट्रातील शेतीकामाच्या सावडीची व्यवस्था याच तत्त्वावर चालते.

एकोणिसाव्या शतकात चर्चशी संलग्न महिला मंडळांनी या सामूहिक श्रमाला मोबदल्याचे रूप दिले. बाहेरून आलेल्या थरांना टाके घालून मिळालेली रक्कम चर्चची इमारत, धर्मप्रसार किंवा गरजूंची मदत यांसाठी वापरण्यात येई. मजुरी ठरविण्याचे त्यांचे एक माप लक्षणीय होते : कामाला लागलेला दोरा किती यार्ड, यावर पैसे आकारले जात. दाट नक्षीला दोरा अधिक व विरळ नक्षीला कमी लागत असल्याने हे माप सोपे व बऱ्याच अंशी न्याय्य होते. पेनसिल्व्हेनिया व इतरत्र असलेल्या आमिश व मेनोनाइट पंथीय स्त्रियांच्या हातकामात ही आकारणी विसाव्या शतकातही टिकून राहिली. तथापि मंडळाच्या सभासद स्वतःसाठी मोबदला घेत नसल्याने त्यांचा दर नेहमीच कमी राहिला आणि त्याच गावात पोटासाठी टाके घालणाऱ्या एखाद्या विधवेलाही त्याहून फार अधिक मागता येत नसे. हाताच्या टाक्यांना रास्त दर मिळत नाही, या पुढील काळातील तक्रारीचे एक मूळ येथे सापडते.

गाठी, सुटे चौकोन व कडा : घरच्या घरी खर्च वाचविणाऱ्या रीतींत गाठी मारण्याची पद्धत सर्वांत जुनी व सोपी होय. जाड दोरा वा लोकरीचा धागा तिन्ही थरांतून वर काढून त्याची पक्की गाठ मारतात. भरण जाड असल्यास हाताने टाके घालणे अवघड जाते, तेथे हीच पद्धत सोयीची ठरते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या ‘मेनोनाइट सेंट्रल कमिटी’ या संस्थेमार्फत निर्वासितांसाठी पाठविण्यात येणारी बहुसंख्य पांघरुणे अशीच गाठींची असतात.

दुसरी रीत सुट्या चौकोनांची. प्रत्येक चौकोनाला भरण व अस्तर लावून, टाके घालून तो आधीच पुरा करतात व अखेरीस सर्व चौकोन एकत्र सांधतात. यास मोठी चौकट, मोकळी खोली वा मदतनीस यांची गरज पडत नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) न्यू इंग्लंडमधील स्त्रियांनी सैनिकांसाठी अशा रजया केल्या होत्या. जॉर्जिया बोन्सटील यांनी दूरचित्रवाणीवरील पाठांतून व १९८२ मधील आपल्या पुस्तकातून मांडीवर बसवून करावयाची ही पद्धत पुन्हा लोकप्रिय केली.

कडा बंद करण्यातही काटकसरीस वाव असतो. तिरप्या पट्टीचा दुहेरी गोट सर्वांत टिकाऊ, परंतु त्याला जादा कापड व वेळ लागतो. अस्तर चहूबाजूंनी थोडे मोठे ठेवून तेच वर दुमडून शिवले, की वेगळ्या गोटाची गरज राहत नाही. ब्रिटनमध्ये वरचे कापड व अस्तर या दोहोंच्या कडा आत दुमडून त्यांवर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालण्याचा प्रघात होता. गाठींच्या पांघरुणात दोन्ही कापडे सुलट बाजू आत ठेवून पिशवीसारखी शिवतात व उलटवितात. या तीनही रीतींत कापड वाचते. पण रजईची कड सर्वांत आधी झिजते आणि वेगळा गोट नसल्यास तेवढाच भाग बदलता येत नाही.

यंत्रांचे युग : ईलायस हौ याने १८४६ मध्ये शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. आयझॅक सिंगर याच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्यांवर विक्री सुरू केल्यानंतर यंत्र सामान्य घरांत पोहोचू लागले. तुकडेजोडीचे काम त्यामुळे झपाट्याने होऊ लागले; टाके घालण्यासाठी मात्र तीन थरांची जाड गुंडाळी यंत्राच्या आखूड बाहूखालून सरकविणे कष्टाचेच राहिले. परिणामतः जोडलेले थर व पुऱ्या झालेल्या रजया यांतील अंतर वाढले. ही कोंडी प्रथम भरणातील सुधारणेने सैल केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे बांधीव भरण रूढ झाले व टाक्यांच्या ओळी दूर ठेवणे शक्य झाले. पुढे सुयांनी गुंतविलेल्या कापसाच्या काही भरणांत हे अंतर आठ-दहा इंचांपर्यंत चालू लागले.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या रजयांचे प्रदर्शन भरले. त्यानंतर व विशेषतः १९७६ च्या स्वातंत्र्य द्विशताब्दीनंतर रजईकामाचे पुनरुज्जीवन झाले व मजुरीने टाके घालून देणाऱ्यांची मागणी वाढली. १९८० नंतरच्या दशकात मिझुरी राज्यातील गॅमिल या कंपनीने लांब बाहूची यंत्रे बाजारात आणली. त्यांत रजई रुळांवर ताणलेली असते व यंत्राचे डोके तिच्यावरून फिरविले जाते. १९८९ मध्ये पडूका (केंटकी) येथील राष्ट्रीय प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या यंत्राने टाके घातलेल्या रजईस सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा यंत्रकाम हलके मानण्याचा समजही मागे पडू लागला. पुढे संगणक-नियंत्रित यंत्रे आली.

या व्यवसायात दोऱ्याच्या यार्डाची जागा चौरस इंचाने घेतली. वर उल्लेखिलेल्या ६० × ८० इंचांच्या रजईचे क्षेत्रफळ ४,८०० चौ. इंच असते, चौरस इंचास दोन सेंट दर धरल्यास मजुरी ९६ डॉलर होईल. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच नक्षी पुन्हा पुन्हा उमटविणे सर्वांत स्वस्त, तर प्रत्येक चौकोनाला वेगळी नक्षी देणे कित्येक पटींनी महाग पडते. भरण, अस्तर व दोरा स्वतः आणून देणे, गोट घरी लावणे, यंत्रावर केवळ कच्चे टाके घालून घेऊन पुढील हातकाम घरी करणे किंवा थोडे शिक्षण घेऊन यंत्र तासांच्या भाड्याने वापरणे, या मार्गांनी ग्राहक आपला खर्च कमी करतात. गार्डिनरच्या निळ्या पेन्सिलीच्या काळी रूढ झालेले तत्त्वच येथे दिसते : काम तोडून पाहावे व आपल्याला न जमणारा भागच विकत घ्यावा.

श्रम व श्रेय : वरचा थर करणारी व टाके घालणारी व्यक्ती वेगळी असली, म्हणजे श्रेयाचा प्रश्न उद्भवतो. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स, रोबक या कंपनीने भरविलेल्या स्पर्धेत सु. २४,००० रजया आल्या. एक हजार डॉलरचे पहिले पारितोषिक केंटकीतील मार्गारेट केडन यांना मिळाले व ती रजई राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. पुढील संशोधनात असे उघडकीस आले, की ती केडन यांनी शिवलेली नव्हती. मजुरीवर काम करणाऱ्या स्त्रियांनी ती तयार केली होती. बक्षिसात त्यांना वाटा मिळाला नाही आणि मंदीच्या दिवसांत पुढील काम जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या. १९८० नंतर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात ‘आमिश’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक रजयांचे काम आग्नेय आशियातून आलेल्या ह्मॉंग निर्वासित स्त्रिया करीत असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातील जुन्या अमेरिकन रजयांच्या प्रतिकृती चीनमध्ये तयार करून घेण्याचा परवाना दिला, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेतील रजईकारांनी मोठा निषेध केला. हाताने घातलेल्या टाक्यांची इतक्या कमी दरात विक्री झाल्यास आपल्या कामाची किंमत कोण देणार, हा त्यांचा सवाल होता.

मोबदला स्वतःच्या हाती ठेवण्याचा उल्लेखनीय प्रयत्न ॲलाबॅमा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात झाला. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतल्याने अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची उपजीविका धोक्यात आली होती. फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या साहाय्याने तेथील स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. एस्टेल विदरस्पून यांनी तिचे दीर्घकाळ नेतृत्व केले. न्यूयॉर्कमधील लिलावांतून आरंभीचे भांडवल उभे राहिले. पुढे सीअर्स कंपनीचे उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाल्यावर नियमित वेतन देता येऊ लागले. संस्थेने जमीन घेऊन बेघर झालेल्या काही कुटुंबांना घरांसाठी भूखंडही विकले. २०१२ मध्ये ती बंद झाली.

भारतीय परंपरेशी तुलना : महाराष्ट्रातील गोधडी वा वाकळ आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी यांच्याशी तुलना केली असता मूळ प्रश्नावर वेगळा प्रकाश पडतो. सिद्दींच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्याच्या अस्तरावर कडेपासून तुकडे ठेवीत व धावदोऱ्याने शिवीत मध्याकडे सरकतात; कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे तुकडे लावल्याखेरीज कवंदी पुरी मानीत नाहीत. येथे तुकडेजोड व टाके ही एकच क्रिया असल्याने टाके न घातलेला वरचा थर मागे राहण्याचा प्रसंगच येत नाही. गोधडीतही जुन्या लुगड्यांच्या घड्याच भरणाचे काम करतात. त्या सरकत नसल्याने टाके विरळ घातले तरी चालतात. कापसाच्या रजईसाठी मात्र पिंजाऱ्याकडे जावे लागे. तो जुना कापूस पुन्हा पिंजून, खोळीत भरून त्यावर लांब टाके घालून देई.

पाश्चात्त्य पद्धतीत वरचा थर वेगळा झाल्यामुळे त्याच्या रचनेला स्वातंत्र्य मिळाले व विलक्षण सुंदर आकृतिबंध निर्माण झाले. त्याचबरोबर तो पुरा करण्याचे काम वेगळे पडून दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे झाले. गाठी, विरळ ओळी, सुटे चौकोन वा भाड्याचे यंत्र यांनी टाक्यांची गरजच कमी होते, म्हणून तेथील बचत खरी असते. टाके तेवढेच ठेवून केवळ दर खाली आणल्यास तो खर्च नाहीसा होत नाही. टाके घालणाऱ्या स्त्रीच्या तासांतून तो वसूल होतो. जुन्या रजयांचे मूल्यमापन करताना वरच्या थराबरोबर टाके घालणाऱ्या हाताचाही शोध घेण्याकडे अलीकडील अभ्यासकांचा कल आहे आणि अनेक संग्रहालये आपल्या नोंदींत जोडकाम व टाकेकाम करणाऱ्यांची नावे, ज्ञात असल्यास, स्वतंत्रपणे देऊ लागली आहेत.